मशीन माल मारतं, भिंत गवंडीच करतो



सध्या आपल्या बेळगावकडच्या तरुण कॉन्ट्रॅक्टर पोरांमध्ये गिलाव्याच्या मशीनचे व्हिडिओ जोरात फिरताहेत. एक जण पाइप धरून उभा असतो, पाइपातून माल फर्रकन भिंतीवर बसतो, मागे दुसरा पट्टी ओढतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘गवंड्यांची कटकट कायमची संपली!’ मग त्यातला एखादा पोरगा आठवड्याभरात कोटेशन घेऊन माझ्याकडे येतो. म्हणतो, “काका, लोन बसेल काय बघा की.”

बँकेतून निवृत्त होऊन मला पंधरा वर्षं होऊन गेली. पण प्रोजेक्ट रिपोर्ट कसा करायचा हे विचारायला मंडळी अजून येतात आणि मलाही त्यात बरं वाटतं. मी कॉमर्सचा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण मशीनरीच्या कर्जाच्या फायली जन्मभर बघितल्यात, आणि गेल्या काही वर्षांत या मशीनपायी साइटवर जाऊन उभा राहिलोय, गवंड्यांना आणि ऑपरेटरना खोदून खोदून विचारलंय. त्यावरून माझं एक ठाम मत झालंय, ते आज सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. ज्यांना घर बांधायचंय, ज्यांचा पोरगा या धंद्यात आहे, त्यांनी सवडीने वाचावी.

मी मशीनच्या विरोधात नाही. चांगल्या मशीनने मारलेला गिलावा हातापेक्षा घट्ट बसू शकतो. पण मशीन फक्त माल भिंतीवर नेऊन पोचवतं. भिंत सरळ करणं, कोपरा काटकोनात आणणं, खिडकीची कड धरणं हे सगळं गवंडीच करतो. म्हणून गवंडी कमी करायला मशीन घेणारा बुडतो, आणि गवंड्याच्या हाताला जोड म्हणून घेणारा तरतो.

जुन्या हाताची गोष्ट

आमच्या लहानपणी शहापूर, वडगाव, अनगोळ भागात घर बांधायचं म्हणजे आधी चुन्याची घाणी लागायची. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि त्याला जुंपलेला बैल. चुना आणि वाळू तासन् तास मळली जायची. गिलाव्याच्या चुन्यात कोणी गुळाचं पाणी घालायचं, कोणी हिरड्याचं. आम्ही पोरं त्या बैलामागून फिरत राहायचो आणि ओरडा खायचो.

तेव्हाचे गवंडी माल भिंतीला लावायचे नाहीत, मारायचे. थापीवर माल घ्यायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात भिंतीवर फेकायचा. फट् असा आवाज यायचा. आमच्या गल्लीत एक म्हातारे गवंडी होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते नव्या पोरांना ओरडायचे, “लोणी लावतोस काय भाकरीला? मार की जोरात!” त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. जोरात फेकलेला माल विटेच्या छिद्रांत आणि सांध्यांत शिरतो, मागची हवा बाहेर ढकलतो. नुसता थापीने दाबून लावला तर मागे हवा अडकते, आणि दोन वर्षांनी बोटाने टकटक केलं की भिंत पोकळ वाजते.

मशीन करतं ते नेमकं हेच. हवेच्या दाबाने माल फेकतं, फक्त दमत नाही. सकाळी नऊला मारतं तसंच दुपारी चारला मारतं. माणसाचं मनगट दुपारनंतर तसं चालत नाही. मशीनचा मोठा फायदा मला हाच वाटतो. वेगाचा नंबर त्यानंतरचा.

ही कल्पनाही काही आजची नाही. कार्ल एकली नावाचे अमेरिकन गृहस्थ संग्रहालयासाठी प्राण्यांचे नमुने बनवायचे. १९०७ च्या सुमारास शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या बाहेरच्या भिंती ढासळायला लागल्या होत्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी त्यांनी हवेच्या दाबाने सिमेंट मारणारी गन तयार केली आणि १९११ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. बोगद्यांत आणि टाक्यांत आज जे गनायटिंग होतं, त्याचं मूळ तिथे आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांकडे झुकलेली गोष्ट आहे ही. ‘नवीन टेक्नॉलॉजी’ म्हणून घाबरायचं कारण नाही आणि भुलायचंही नाही.

साधा हिशेब

आता माझ्या प्रांतात येतो. शंभर चौरस मीटर भिंत घ्या, म्हणजे आपल्या भाषेत पावणेअकरा ब्रास. आतला गिलावा १२ मिलिमीटर जाडीचा धरला तर एका चौरस मीटरला १२ लिटर ओला माल लागतो. शंभर मीटरला १,२०० लिटर. सांध्यांत जाणारा आणि खाली पडणारा वेगळा. वजनात हा माल अडीच टनांच्या आसपास जातो.

मिनिटाला २० लिटर माल देणारं मशीन घेतलं तर १,२०० लिटर किती वेळात मारून होतील? साठ मिनिटांत. एका तासात! व्हिडिओ इथेच संपतो.

पण भिंत इथे संपत नाही. मारलेला माल पट्टीने ओढायचा, खळगे भरायचे, पाणी ओढून माल थोडा घट्ट होईपर्यंत थांबायचं, मग रंधा फिरवायचा, ओळंबा बघायचा, कोपरे आणि कडा काढायच्या. हे सगळं हाताने. हाताने पूर्ण गिलावा करताना एक गवंडी आणि बिगारी मिळून दिवसाला एक-दीड ब्रास करतात. माल उचलून मारायचे कष्ट मशीनने घेतले तर तोच गवंडी जास्त काम उरकेल. पण तासाला पावणेअकरा ब्रास सरळ करणारा गवंडी अजून जन्मलेला नाही. मशीनच्या मागे चार-पाच चांगले गवंडी नसतील तर एक तर मशीन उभं राहतं, नाही तर मारलेला माल पट्टी फिरायच्या आत वाळतो. मग त्यावर पाणी शिंपडून घासाघीस सुरू होते आणि गिलावा तिथेच खराब होतो.

दोघांच्या स्वयंपाकाला लग्नाचं पातेलं चढवल्यासारखा हा प्रकार आहे.

कुठलं मशीन कशासाठी

कोटेशनवर सगळ्याला ‘प्लॅस्टर मशीन’च लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात चार वेगळ्या जाती आहेत.

पहिली हॉपर गन. वर माल घ्यायचा डबा, खाली तीन-चार तोंडं आणि मागून कॉम्प्रेसरची हवा. डबा घमेल्यातल्या मालात बुडवायचा, भरायचा, मारायचा. एका भरणीत साधारण चार-पाच लिटर माल येतो, म्हणजे एका चौरस मीटरला तीन वेळा भरावा लागतो. दिसायला गरीब वाटते, पण कंपाउंडची भिंत, बाहेरचा पहिला हात, खरबरीत गिलावा, छोटी दुरुस्ती यांना हिच्यासारखी सोय नाही. गन काही हजारांत मिळते, खरा खर्च कॉम्प्रेसरचा. तिथे लोक फसतात. दुकानदार दाबाचा आकडा सांगतो. तुम्ही विचारायचं ते हवेचं प्रमाण, म्हणजे सीएफएम. रंगाच्या कामाचा छोटा कॉम्प्रेसर दाब दाखवतो, पण दोन डबे मारले की हवा संपते आणि तिसऱ्या डब्याला माल भिंतीपर्यंत जातो न जातो. छताला मारायच्या गनची तोंडं वर वळलेली असतात. भिंतीची गन घेऊन छताखाली उभं राहू नका, माल डोक्यावर येतो.

दुसरी जात पंपाची. साइटवर कालवलेला माल पंपात ओतायचा, तो पाइपातून वर जातो. यात स्क्रू पंप असतो, त्यात लोखंडी रोटर रबरी स्टेटरमध्ये फिरतो. किंवा पिस्टन पंप असतो. स्क्रू पंपाची धार एकसारखी येते, पण वाळू खडबडीत असली की रबर झिजतं. पिस्टनवाला जरा सोशिक, पण अवजड आणि महाग.

तिसरी जात मिक्सिंग पंपाची. वरून गोणीतला कोरडा तयार माल, बाजूने पाणी, आत कालवणं आणि पुढे ढकलणं सलग चालतं. जिप्सम आणि तयार प्लॅस्टरच्या मोठ्या कामांना हेच मशीन. पण याला बहुधा थ्री-फेज वीज, एकसारख्या दाबाचं पाणी आणि न तुटणारा गोणींचा पुरवठा लागतो. तिन्हीतलं एक चुकलं की माल कधी पातळ, कधी घट्ट. आणि एक लक्षात ठेवा, हाताने लावायचं जिप्सम आणि मशीनचं जिप्सम वेगळं येतं. मशीनचं उशिरा घट्ट होईल असं बनवलेलं असतं. हातचा माल मशीनमध्ये घालाल तर तो पाइपातच बसेल. शिवाय जिप्सम आतल्या कोरड्या भिंतींसाठी. बाथरूमला नको, बाहेरून तर अजिबात नको. आपला पाऊस, खानापूरचा पाऊस आणि घाट उतरल्यावरचा गोव्याचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको.

चौथं ते व्हिडिओतलं, जमिनीपासून छतापर्यंत आपोआप वर चढत जाणारं. रिकाम्या सरळ भिंतीवर झकास दिसतं. पण आपल्या घरात मधे बीम येतो, इलेक्ट्रिकचा बॉक्स येतो, कोनाडा येतो, देवघर येतं. वरची पट्टी, खालची पट्टी आणि दोन्ही कोपरे हातानेच करावे लागतात. आपल्याकडच्या घरबांधणीसाठी हे मी कोणालाच सुचवणार नाही.

मशीन बिघडवते ती वाळू

मशीन बंद पडलं की सगळे कंपनीला शिव्या घालतात. मी साइटवर बघितलेल्या बंद मशीनपैकी बहुतेक ठिकाणी कारण वाळूचं होतं. पूर्वी आपल्याकडे नदीची वाळू यायची, गोल दाण्याची. आता क्रशरची एम-सँड येते आणि गिलाव्यासाठी त्यातली बारीक पी-सँड. चांगली धुतलेली असेल तर माझी काही तक्रार नाही. पण दाणे अणकुचीदार असतात आणि खराब मालात दगडाची भुकटी फार असते. धारदार दाणा स्टेटर खातो, भुकटी पाणी खाते. गिलाव्याच्या वाळूसाठी सरकारी मानक आहे, आयएस १५४२. त्यात कुठल्या चाळणीतून किती वाळू जायला हवी ते दिलंय. पंपाला तर चाळणी चुकवूच नका. एक मोठा खडा पाइपाच्या तोंडाशी अडकला की अख्खी टोळी तासभर बसून राहते.

आणि पंप अडखळायला लागला की बिगारी काय करतो? बादलीभर पाणी ओततो. माल सुरळीत जायला लागतो, सगळे खूश. पण जास्तीचं पाणी उडून जाताना गिलावा आकसतो आणि महिन्याभरात भिंतीवर जाळं उमटतं. मग मालक म्हणतो, मशीनचा गिलावा वाईट. अहो, मशीनने काय केलं? पाणी माणसाने ओतलं!

यावर जुना उपाय आहे. मालात थोडा चुना घाला. सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ या प्रमाणातला माल लोण्यासारखा सरकतो आणि पाणी धरून ठेवतो. सिमेंट-चुन्याच्या गिलाव्याची पद्धत आयएस १६६१ या मानकात आहे. म्हणजे घाणीवरचा चुना आपण जुनाट म्हणून सोडला आणि नव्या पंपाला तोच हवाय. मामा असते तर हसले असते.

वीज जाते तेव्हा

कोटेशनमध्ये हा प्रश्न कोणी लिहीत नाही, म्हणून मी पोरांना पहिला हाच विचारतो. काम चालू असताना वीज गेली तर?

आतला व्यास २५ मिलिमीटर आणि लांबी २० मीटर असा पाइप धरा. त्यात जवळपास दहा लिटर माल भरलेला असतो, वीस किलोचा. सिमेंट अर्ध्या-पाऊण तासात घट्ट व्हायला लागतं, जिप्सम बऱ्याचदा त्याआधी. तेवढ्या वेळात वीज आली नाही आणि पाइप रिकामा करून धुतला नाही तर तो पाइप गेला, कधी कधी स्टेटरही गेला. म्हणून जनरेटर कुठून आणणार, पाइप कोण सोडवणार, धुवायला पाण्याची टाकी कुठे, हे काम सुरू करायच्या आधी ठरलेलं हवं. सुरुवातीला पाइपातून सिमेंटचं किंवा चुन्याचं पातळ पाणी फिरवायचं, संध्याकाळी स्पंजचा गोळा सोडून पाइप आतून पुसून काढायचा. जो ऑपरेटर हे न सांगता करतो, त्याला पगार वाढवून द्या पण सोडू नका.

आणि एक कळकळीचं सांगणं. पाइप तुंबला म्हणून कोणी जोड उघडायला धावू नये. आत दाब असतो. आधी पंप बंद करायचा किंवा उलटा फिरवायचा, दाबाचा काटा शून्यावर आलाय ते बघायचं, मग तोंड दुसरीकडे करून उघडायचं. ते न करता उघडलं तर माल गोळीसारखा येतो, सरळ डोळ्यात. सिमेंट आणि चुना दोन्ही डोळा जाळतात. चष्मा शंभर-दोनशे रुपयांचा आहे. कॉन्ट्रॅक्टर तो आणत नाही आणि आणला तर गवंडी घालत नाही. दोघांनाही माझा हात जोडून नमस्कार.

कर्जाचं गणित

पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेत. आपापले घालून बघा, रीत तीच राहील.

समजा, मशीन सहा लाखांचं, पाच वर्षांचं कर्ज, व्याज ११ टक्के. हप्ता सुमारे १३,००० रुपये. ऑपरेटरला वर्षभर महिन्याला २५,००० द्यावेच लागतील, काम नाही म्हणून घरी बसवलात तर तो दुसरीकडे जाईल. सुटे भाग, डिझेल आणि वाहतूक १२,००० धरा. झाले महिन्याला ५०,०००, वर्षाला सहा लाख.

आता मशीनमुळे हाताच्या गिलाव्यापेक्षा चौरस फुटाला पाच रुपये वाचतात असं धरू. सहा लाख भरून काढायला वर्षाला १,२०,००० चौरस फूट गिलावा हवा. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचं काम बंद, म्हणून ते निम्म्यावर धरले तर उरलेल्या आठ महिन्यांत दर महिन्याला १२,००० आणि पावसाळ्यात ६,००० चौरस फूट. बाराशे फुटांच्या घराचा आतला-बाहेरचा मिळून गिलावा पाच-साडेपाच हजारांच्या घरात जातो. म्हणजे चांगल्या महिन्यात दोनाहून जास्त घरं, दर महिन्याला, एकही महिना न चुकता. आणि एवढं करून हातात नफा किती? शून्य. ही फक्त बरोबरी झाली!

ज्याच्याकडे अपार्टमेंटची कामं ओळीने आहेत त्याने मशीन जरूर घ्यावं. ज्याच्याकडे वर्षाला चार बंगले आहेत त्याने भाड्याने आणावं. किंवा तीन-चार जणांनी मिळून घ्यावं आणि कोणाचं काम कधी ते लिहून ठेवावं, तोंडी ठेवू नये. आपल्या गावात गल्लोगल्ली पतसंस्था आणि सोसायट्या उभ्या राहिल्या, मग एक मशीन चार जणांना सांभाळता येऊ नये?

माझ्या बघण्यातली दोन उदाहरणं सांगतो. एका होतकरू पोराने एका मोठ्या बंगल्याच्या कामाच्या भरवशावर मिक्सिंग पंप घेतला. ते काम छान झालं. पण पुढचं तसं काम आठ महिन्यांनी आलं. तोवर मशीन ताडपत्रीखाली, आत माल वाळलेला, हप्ता मात्र चालू. दुसरीकडे दोन भाऊ, दोघंही गवंडी. त्यांनी हॉपर गन आणि चांगला कॉम्प्रेसर घेतला. आधी कंपाउंड आणि गोठे केले, मग घरांचा बाहेरचा पहिला हात. वर्षभरात हात बसला. आज मोठं काम आलं की ते पंप भाड्याने आणतात, चालवतात स्वतः, आणि त्यांच्या मागे पट्टी मारायला त्यांचीच शिकवलेली पोरं असतात. मशीन पहिल्याचं भारी होतं, धंदा दुसऱ्यांचा टिकला.

गवंड्याचं काय

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो, ते सांगतो.

आपल्या बाजूचे गवंडी पिढ्यान् पिढ्या घाट उतरून गोव्यात कामाला जातात. चिऱ्याची भिंत असो की विटेची, त्यांच्या हाताला तिकडे मान आहे. पण हे हात कमी होत चाललेत. मी ज्या ज्या गवंड्याला विचारलं, तो म्हणाला, पोराला या धंद्यात घालणार नाही. खांदा जातो, कंबर जाते, हाताची कातडी सोलते आणि म्हातारपणी काही हाती राहत नाही. दिवसभर टनाच्या हिशेबात माल उचलून मारायचा म्हणजे चेष्टा नव्हे. त्या दृष्टीने पाहिलं तर हे मशीन गवंड्यासाठी देवासारखं आहे. उचलायचं मशीनने, कसब त्याचं. खांदा शाबूत राहिला तर पन्नाशीनंतरही तो काम करेल, आणि पोरालाही धंद्यात कमीपणा वाटणार नाही.

पण मशीन घेतो कोण? ज्याच्या नावावर सात-बारा आहे, ज्याचे रिटर्न भरलेले आहेत तो. आणि तो ते घेतो गवंडी कमी करायला. बँकेला कागद कळतो, हात कळत नाही. मी उभा जन्म त्या टेबलामागे काढला, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

यातून थोडी वाट आता निघाली आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि त्यांत गवंडी आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि तारण न घेता ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखाचं, अठरा महिन्यांत फेडायचं. त्याचा हप्ता महिन्याला ५,८०० रुपयांच्या आसपास बसतो. हॉपर गन आणि धड कॉम्प्रेसर याला हे पुरेसं आहे. दोघा-तिघा गवंड्यांनी मिळून केलं तर हप्ता जाणवायचाही नाही. माझं आपल्या मंडळींना सांगणं आहे, तुमच्या घरी जो गवंडी येतो त्याला हे समजावून सांगा. अर्ज भरायला बसा त्याच्याबरोबर. आपल्यातले निम्मे तरी बँक, एलआयसी, पोस्ट, शाळा इथून निवृत्त झालेले. आपल्याला दुसरं काय येतं? कागद भरता येतात. तेवढं करू या.

जुन्या घरांबद्दल

शेवटचा मुद्दा आपल्या जुन्या घरांचा. शहापूरच्या आणि गावातल्या गल्ल्यांत अजून माती-चुन्यात बांधलेली घरं उभी आहेत. भिंत ओली झाली, पोपडे आले की कोणीतरी सल्ला देतो, जुनं सगळं खरवडा आणि मशीनने सिमेंट मारून घ्या, एका दिवसात काम. कृपा करून हे करू नका. चुन्याची भिंत श्वास घेते, आत आलेली ओल बाहेर सोडते. वर सिमेंटचं कवच बसवलं की ओल आतच कोंडते. क्षार साठतात, वर चढतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटचा थर जुन्या भिंतीचा तुकडा घेऊनच खाली येतो. मशीनने तर तो आणखी घट्ट चिकटलेला असतो, म्हणून नुकसान जास्त. जुन्या भिंतीला चुन्याचाच माल हवा. तोही गनने मारता येतो. दोष मशीनचा नाही, त्यात काय भरता याचा आहे. आणि मुळात ओल कुठून येते ते आधी शोधा. कौल फुटलंय की पन्हळ, की बाहेरचा रस्ता वाढत वाढत जोत्याच्या वर आलाय.

घर बांधणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मशीनचा गिलावा असो की हाताचा, पैसे चुकते करण्याआधी तीन गोष्टी करा. नाण्याने भिंत टकटक वाजवून बघा, पोकळ वाजते ती जागा खडूने खुणा करून परत करायला लावा. लांब सरळ पट्टी आडवी-उभी लावून बघा. आणि सात दिवस पाणी मारलं गेलंय ना हे स्वतः बघा. जिप्सम असेल तर पाणी मारायचं नाही, ते फक्त सिमेंटला. शेवटचा थोडा पैसा महिनाभर हातात ठेवा. गिलावा खरा कसा आहे ते त्या महिन्यात कळतं.

मशीन घेणाऱ्यांसाठी एकच अट. विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या गोणीतल्या मालावर डेमो बघू नका. तुमची वाळू, तुमची भिंत, तुमचे गवंडी आणि तुमच्या गल्लीतली वीज, यावर दिवसभर चालवून दाखव म्हणावं. जो तयार होईल त्याच्याशी पुढचं बोला. जो टाळेल त्याला चहा पाजून पाठवा.

ग्रुपवर जे प्रत्यक्ष या कामात आहेत, त्यांनी आपला अनुभव खाली जरूर लिहावा. गोव्यात, हुबळीकडे काम करणारे असतील त्यांनी तर नक्की. आणि कोणाचा पोरगा कोटेशन घेऊन हिंडत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. कागद-पेन्सिल घेऊन बसू. मात्र येताना त्याने आपल्या गवंड्यालाही बरोबर आणावं. त्याच्याशिवाय मी हिशेब मांडत नाही.